चाळीचं तोंड

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर आई दिसली. समोर म्हणजे तशी लांब, लॉबीच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या दाराबाहेर. लालबाग मार्केटातून येत होती. हातात कापडी पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीचे देठ बाहेर आलेले. तिने पिशवी खाली ठेवली, एक हात दाराच्या चौकटीला टेकवला आणि दुखऱ्या गुडघ्यावर भार येऊ नये अशा बेताने वाकून पायांतल्या चपला काढल्या. तळव्याला तळवा लावून त्या एका हातात धरल्या, दुसऱ्या हातात पिशवी घेतली, खांद्याने दार ढकललं आणि अनवाणी, मधली मोकळी फरशी सोडून, भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली. वॉचमन रामू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने वर बघितलं, बकुळामावशी आहेत असं बघून पुन्हा डोकं घातलं, म्हणजे त्याला हे रोजचंच होतं. मला ऑफिसला उशीर होत होता. दोन पावलं पुढे होऊन "आई, हे काय?" एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. मी काय केलं, तर बटण दाबून दार बंद करून घेतलं. का, ते तेव्हा मलाही कळलं नाही. आपल्या आईला कोणीतरी रागावत असावं, आपण ते बघावं आणि आपण बघितलंय हे तिला कळू नये म्हणून धडपडावं, तसं काहीतरी झालं. लिफ्ट वर गेली, कुठल्यातरी मजल्यावर उघडली, बाहेर कोणी नव्हतं, पुन्हा मिटली. मी खाली आले तोवर आई दुसऱ्या लिफ्टने घरी गेली होती. भिंतीच्या कडेने फरशीवर तिची पावलं उमटली होती. ओली नव्हेत, तळव्यांच्या उबेने धरलेली नुसती पुसट वाफ. मी बघत होते तोवर ती एकेक करत विरून गेली.

ही लॉबी मी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. पण माझा धंदा हाच. प्रभादेवीच्या एका ऑफिसात बसून मी इमारतींच्या लॉब्या डिझाइन करते. दारापाशी छत खाली ठेवायचं आणि आत एकदम वर न्यायचं, म्हणजे शिरताच माणसाला मोकळं वाटतं. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी दोन पावलं सावली द्यायची, मग उजेड. लिफ्ट दारातून दिसली पाहिजे, पण अगदी समोर नको, म्हणजे माणूस सरळ धावत सुटत नाही, जरा वळतो, वळताना थांबतो. असल्या बारीकसारीक गोष्टींचा मला पगार मिळतो आणि खरं सांगायचं तर आनंदही मिळतो. माझा साहेब पुष्कर प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणतो, "लॉबी म्हणजे बिल्डिंगचा चेहरा. लोक फ्लॅट नंतर बघतात, आधी लॉबी बघतात." तो हे दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणतो आणि आम्ही आत्ताच ऐकल्यासारखं ऐकतो. आमच्या इमारतीच्या लॉबीला चेहरा आहे, त्यात वाद नाही. पांढरी फरशी अशी की वरचे दिवे खालीही लागलेले दिसतात. एका भिंतीला छतापर्यंत आरसा. एका टेबलावर कधीच न सुकणारी जांभळी फुलं. हवेत लेमनग्रासचा वास, तो भिंतीतल्या एका डबीतून थोड्या थोड्या वेळाने फुस्स करून सुटतो. बसायला मात्र काहीही नाही. बसायला ठेवलं की लोक बसतात, हे बिल्डरला कोणीतरी पटवून दिलेलं असणार. मीच दिलं असतं, मला विचारलं असतं तर. गेल्या तीन-चार कामांत मी हेच सांगत आलेय. म्हणून तर त्या दिवशी ऑफिसात कॉम्प्युटरवर लॉबीचा आराखडा उघडला आणि कर्सर दारापाशी नेला, की दर वेळी तिथे आई वाकलेली दिसायला लागली.

याच जागेवर आमची चाळ होती. चाळीला लॉबी नव्हती, तोंड होतं. सगळे तसंच म्हणायचे, "चाळीच्या तोंडाशी उभा राहा, मी आलोच." रस्त्यावरून आत शिरलं की आधी काही दिसायचं नाही, मग हळूहळू डावीकडे मीटरांची फळी दिसायची, उजवीकडे लाकडी जिना, जिन्याखाली सायकली आणि गणपतीच्या मखराचे बांबू. पलीकडच्या गल्लीत मिरच्या भाजायला घेतल्या की तोंडाशी असलेला प्रत्येक जण शिंकायचा, ओळखीचा असो की अनोळखी. आणि पायरी. काळ्या दगडाची, मधोमध खोलगट झिजलेली. संध्याकाळचा नळ जाऊन स्वयंपाकाला अजून वेळ असायचा तेव्हा आई त्या पायरीवर सूप घेऊन बसायची. तांदूळ निवडायची, कधी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, सोलायची, आणि मान वर न करता आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "कोणाकडे?" नुसतं एवढंच. त्यात संशय नव्हता. आता खाली रामू विचारतो, "किस के यहाँ?", मग मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आलेल्याचा फोटो काढतो, वर फोन वाजतो, आपण हो म्हणतो, मग माणूस आत येतो. शब्दांचा अर्थ तोच, पण रामूने विचारलं की माणूस अंग चोरतो आणि आईने विचारलं की बोलायला लागायचा. शेजारच्या रमाबाईंच्या मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचे वडील न कळवता आले. आईने "कोणाकडे?" विचारलं, नाव ऐकलं, एका नजरेत काय ते ओळखलं, त्यांना पायरीवर बसवलं, पाणी मागवलं, गाव कुठलं, बोट अजून चालते का, आंबा कसा आहे, असं बोलत राहिली. मला नुसती डोळ्याने खूण केली. मी वर धावत गेले. आईने खाली धरून ठेवलेल्या तेवढ्या वेळात रमाबाईंनी दोरीवरचे कपडे ओढले, पलंगाखाली ढकलायचं ते ढकललं, साडी बदलली आणि पोह्यांना फोडणीही घातली. ते लग्न जमलं. पुढे कॉलेजात आम्हाला शिकवलं, की प्रवेशाची जागा म्हणजे बाहेर आणि आत यांच्यामधला थांबा, तेव्हा मला वाटलं, हे तर मला येतं, याला पुस्तक कशाला. पण परीक्षेत मी पुस्तकातलंच लिहिलं. आणि बाबा गेले तेव्हा त्यांनाही जिन्यावरून उतरवून त्याच तोंडाशी ठेवलं होतं. पायरीच्या आत डोकं, रस्त्याकडे पाय. ज्याला यायचं होतं तो आला, उभा राहिला, हात जोडले आणि गेला. कोणाला कुठे जायचं ते विचारावं लागलं नाही.

आता आई गावी निघाली होती. कुडाळजवळ तिच्या भावाचं घर आहे, तिथे. "महिनाभर जावन येतंय," म्हणाली. महिनाभर जाऊन येण्यात काही विशेष नव्हतं, दर वर्षी जायचीच. पण या वेळी बाबांची जुनी ट्रंक निघाली, तिच्यात तिचा पोळ्यांचा तवा गेला, खलबत्ता गेला, आणि एका संध्याकाळी मी घरी आले तर भिंतीवर बाबांच्या फोटोच्या जागी नुसता खिळा होता. फोटो जुन्या पातळात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेला.  महिन्यासाठी कोणी नवऱ्याचा फोटो नेत नाही, एवढं मला कळत होतं, आणि मला ते कळलंय हे तिला कळत होतं, आणि आम्ही दोघी चहा पीत होतो. मला भीती वाटली. तशी मी एकटी राहायला घाबरत नाही, वयही ते नाही. पण घरी आल्यावर आत कोणी नाही, अशा घराला कुलूप उघडून शिरायचं, हे माझ्या हातांना माहीत नव्हतं. मग न राहवून मी भलत्याच टोकाने सुरुवात केली.

"आई, तू खाली लॉबीत चपला का काढतेस?"

ती दचकली. मग हसली, पकडलेल्या पोरासारखी. "तू कधी बघितलंस?"

"बघितलं. का काढतेस?"

"फरशी खराब जाता."

"अगं, ती चालण्यासाठीच असते. सगळे बूट घालून चालतात. आणि रोज दोनदा पुसतात."

"तुझा आपला कायतरीच. माका बरा वाटत नाय." तिने कप खाली ठेवला. मग शहरातल्या भाषेवर आली, ती गंभीर झाली की येते तशी. "चाळीत आपण चपला कुठे काढायचो? खोलीच्या दारात. का? तर आत कोणीतरी असतं. आत गेलं की ये म्हणतात, बस म्हणतात. इथे खाली एवढी मोठी खोली केली. कोणाची ते कळत नाही. कोणी राहतही नाही, कोणी ये म्हणत नाही. मग परक्याच्या घरातून जाताना जसं जावं तसं जाते मी. कडेने."

 मी काम करते त्या विषयावर एवढं नेमकं वाक्य आमच्या ऑफिसात कोणी बोललेलं नव्हतं, पण ते मला त्या वेळी नेमकं वाटलं नाही, नुसतं लागलं. आई पुढे म्हणाली, "आपल्या चाळीतले रामजीकाका गेले तेव्हा मी हार घेऊन खाली उभी होते. म्हटलं, इथूनच नेतील. पाय दुखले तरी उभी राहिले. बसायला कुठे आहे? मग रामू म्हणाला, मावशी, वो तो कब के गए, पीछे से, पार्किंग से. सामानाच्या लिफ्टने उतरवलं म्हणे." कपातला गाळ तिने बशीत ओतला. "माका तसा मागच्या दारान जावचा नाय, अक्षदा. थंय गावात पुढचा दार तरी आसा."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. उद्या भाजी काय करायची हे सांगावं तसं सांगितलं, आणि उठून कप विसळायला गेली. मी तिथेच बसून राहिले, भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत, आणि पहिल्यांदा मला तिच्या जाण्याचा राग न येता त्या लॉबीचा राग आला. मला राग आला की मी हातपाय हलवते. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठलं. सेक्रेटरी म्हणजे आमचाच निलेश, चाळीत पहिल्या मजल्यावरचा, माझ्या वर्गातला, ज्याच्याबरोबर मी जिन्याखालच्या बांबूंवर घोडा घोडा खेळलेय. तो लॉबीतच उभा होता, आरशासमोर, टाय सारखा करत.

"निलेश, इथे एक बाकडं ठेवूया."

"कुठे?"

"इथे. दाराच्या बाजूला. म्हाताऱ्या माणसांना बसायला."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी इथे म्हैस बांधूया म्हटलंय. "बाकडं? अक्षदा, यार, तू तर प्रोफेशनल आहेस. लॉबीत बाकडं?"

"बाकडं नको तर सोफा ठेव."

"सोफा ठेवला की पेपर येतो, पेपर आला की चहा येतो. उद्या लसूण सोलत बसतील."

"बसू देत ना. काय बिघडलं?"

निलेश टाय सोडून माझ्याकडे वळला. आवाज खाली आणला. "तुला आठवतं ना आपण कशातून घरात शिरायचो? तो वास, तो अंधार. कॉलेजातल्या पोरांना मी कोपऱ्यावरूनच टाटा करायचो. चाळ दाखवली नाही कधी कोणाला. आता ऑफिसचे लोक घरी येतात. हे दार उघडलं की म्हणतात, वा. फ्लॅट बघून नाही म्हणत, फ्लॅट केवढासा आहे तुला माहितीये. इथे म्हणतात. ते 'वा' मला पाहिजे, अक्षदा. आयुष्यभर पाहिजे होतं. तू त्यात बाकडं टाकायला नको सांगूस."

मला वाटलं होतं मी भांडेन. पण तो खरं बोलत होता, आणि खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायला फार तयारी लागते. ते 'वा' मलाही ऐकू येत होतं. मीच तर ते विकते. मी एवढंच म्हणाले, "आणि रामजीकाका?" निलेशने आरशाकडे पाठ केली. "ते चुकलंच," म्हणाला, "मी तेव्हा ऑफिसात होतो." आणि घड्याळ बघून निघून गेला. जाताना त्याने एक गोष्ट केली, ती मी लक्षात ठेवली. काचेचं दार आपोआप मिटतं, पण त्याने ते हाताने धरून अगदी हळू मिटवलं, आत कोणी झोपलेलं असावं तसं.

ऑफिसात तेव्हा गिरगावातल्या एका चाळीच्या पुनर्विकासाचं काम माझ्याकडे होतं. एकाच इमारतीला दोन लॉब्या. एक विकत घेणाऱ्यांची, समोरून. दुसरी जुन्या भाडेकरूंची, बाजूच्या गल्लीतून. दुसरीवर फार वेळ घालवू नकोस, असं मला सांगण्यात आलं होतं, आणि मी घालवलाही नव्हता. एक दार, एक दिवा, पत्रपेट्या, लिफ्ट. क्लायंटला दाखवायची चित्रं करताना आम्ही त्यात माणसं चिकटवतो, म्हणजे जागा किती मोठी, तिचं स्केल काय, ते कळतं. ही माणसं कॉम्प्युटरमध्ये तयारच असतात, कापून ठेवलेली. कॉफीचा कप घेतलेली गोरी बाई, लॅपटॉपवाला तरुण, फुगा धरलेलं मूल, एक कुत्रा. वर्षानुवर्षं माझ्या सगळ्या लॉब्यांतून हीच मंडळी हिंडतायत, इमारती बदलतात, त्यांचे कपडे बदलत नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्यात बसलेली बाई शोधत होते. सापडल्या त्या सगळ्या उंच स्टुलांवर, एका पायावर दुसरा पाय टाकून. मग मी फोन काढला. चाळ पाडायच्या आधी सगळ्यांनी फोटो काढले होते, तसा मीही आईचा एक काढला होता, पायरीवर, सूप मांडीवर घेतलेली, कोणीतरी आत येतंय म्हणून मान अर्धवट वर. मी तिची कड नीट कापली. सुपाची कड कापायला वेळ लागला. मग भाडेकरूंच्या लॉबीत दाराच्या आत, उजव्या हाताला, काळ्या दगडाचा एक रुंद ओटा काढला, गुडघ्यांना सोसेल इतपत उंच, आणि त्याच्यावर तिला बसवलं. आणि गंमत बघा, ते चित्र जागेवर आलं. इतके दिवस ते नुसतं दार आणि लिफ्ट होतं. आता आत शिरणाऱ्याला कुठे बघायचं ते कळत होतं. पुष्कर मागे येऊन कधी उभा राहिला ते कळलं नाही.

"ही कोण?"

"स्केलसाठी," मी म्हणाले.

तो स्क्रीनकडे वाकला. "बसलीय कशावर?"

"ओट्यावर. मी दिलाय."

"समोरच्या लॉबीत का नाही दिला?"

त्याला हे खोचक म्हणायचं होतं की खरंच विचारायचं होतं ते मला अजून माहीत नाही. मी म्हणाले, "देते." आणि दिला. तो "बघू क्लायंट काय म्हणतो" म्हणून गेला, पण चित्रातून आईला काढ असं म्हणाला नाही. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि घरी जाताना बसमध्ये एकदम कसंतरी झालं. कागदावर मी तिला गिरगावात बसवलं होतं. लालबागला तिची ट्रंक भरून तयार होती.

न्यायला सुशांत येणार होता, वडाळ्याला राहणारा माझा मामेभाऊ. त्याला कामासाठी गावी जायचंच होतं, गाडीत जागा होती. दुपारी निघायचं ठरलं. मी सकाळी आईच्या पाया पडले, "पोचलीस की फोन कर" वगैरे बोलले, आणि तिने माझ्या डब्यात नेहमीपेक्षा एक पोळी जास्त घातली. आम्ही दोघी रडलो नाही. ऑफिसात मी दिवसभर एकच भिंत उजवीकडे सरकवत होते आणि डावीकडे आणत होते. संध्याकाळी बसमधून उतरले तेव्हा मसाल्याच्या गल्लीत मिरच्या भाजत होत्या, आणि मी शिंकत शिंकत कोपऱ्यावर वळले. सुशांतची गाडी इमारतीसमोर उभी होती. डिकी उघडी. सुशांत डिकीला टेकून पातळात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा.

"अरे, तुम्ही अजून इथेच?"

"ताई, काय सांगू तुला. गाडीचं काम निघालं, मला यायलाच उशीर झाला. आणि आत्ये दुपारपासून तयार होऊन खाली येऊन बसलेली."

"बसलेली? कुठे?"

"ट्रंकेवर. दुसरं काय आहे तिथे? रामूने ट्रंक खाली आणून दिली, ही तिच्यावर बसली. रामू म्हणाला, दोन्ही हातांत पिशव्या होत्या, म्हणून आज चपला तशाच पायात. मी आलो तर लॉबीत ही जत्रा. मी म्हटलं, आत्ये, ट्रंक टाकतो डिकीत, उठ. तर म्हणते, 'बस रे वाईच.' अर्धा तास झाला, 'बस रे वाईच' चाललंय. आता म्हणते, ट्रंक राहू दे, त्यातला फोटो तेवढा काढ आणि वर नेऊन लाव. तेवढ्यापुरती उठली, पुन्हा बसली. मी लावणार कुठे? ही आपली चावी आत ठेवून दार ओढून आली, दुसरी तुझ्याकडे."

त्याने ते गाठोडं माझ्या हातात दिलं. पातळातून फोटोच्या चौकटीचा कोपरा लागत होता.  मी लॉबीकडे बघत होते.

काचेचं दार उघडं होतं. ते कधी उघडं राहत नाही, त्याला तसं केलेलंच नाही, पण रामूने खाली एक वीट लावली होती. भाजलेल्या मिरच्यांचा वास सरळ आत जात होता आणि लेमनग्रासचं काही चालत नव्हतं. पांढऱ्या फरशीच्या मधोमध, कडेला नव्हे, बाबांची हिरवी ट्रंक होती, तिच्यावर आई. शेजारी रमाबाई, ट्रंकेच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर, आईचा हात हातात घेऊन. चाळीत त्यांच्या दोघींच्या मध्ये एक भिंत होती. इथे चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, रमाबाई वर पार टोकाला गेल्या, आणि त्याच लिफ्टांनी जाऊन-येऊनही दोघींची महिनोन्महिने गाठ नव्हती. विकतच्या फ्लॅटमध्ये राहणारी एक मुलगी, जिचं नाव मला माहीत नव्हतं, फुलांच्या टेबलाला टेकून खाली फरशीवर बसली होती आणि आईचं काहीतरी ऐकून खदाखदा हसत होती. कोणीतरी थर्मासमधून चहा आणला होता. एक पार्सलवाला पेला हातात धरून उभा होता, त्याला कुठे जायचं होतं ते तो विसरला असावा. आणि निलेश. टाय सैल केलेला, ऑफिसची बॅग पायांत, उकिडवा बसलेला, बांबूंपाशी बसायचा तसा. आईने त्याला लसणीच्या पाकळ्या दिल्या होत्या. गावी न्यायच्या पिशवीतली लसूण निघाली होती आणि सेक्रेटरी ती सोलत होते.

माझ्या कामात एक वाईट सवय लागते, कुठेही गेलं की छताची उंची आणि फरशीचे सांधे बघायचे. त्या वेळी मला काहीच दिसलं नाही. आरशात ती सगळी माणसं पुन्हा एकदा बसलेली होती, त्यामुळे दुप्पट गर्दी वाटत होती, एवढंच. चित्रात चिकटवलेल्या माझ्या मंडळींपैकी कोणीही तिथे नव्हतं. मला आनंद झाला, अगदी सरळ आनंद, त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. निलेशने मला पाहिलं. लसणीची साल बोटाला चिकटलेली, तो ओशाळं हसला आणि म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे ट्रंक. मग बघू." मी मान हलवली. मला माहीत होतं की मग बघू म्हणजे काय, आणि मला हेही माहीत होतं की मी काळ्या दगडाचा ओटा कागदावर आधीच काढून ठेवलाय, उंचीसकट.

मी दारात उभी होते. पाठीमागे रस्त्यावरचा संध्याकाळचा उजेड, त्यामुळे आतून मी नुसती काळी आकृती दिसत असणार. आईचा चष्मा डोक्यावर सरकलेला होता. तिने लसणीवरून मान अर्धवट वर केली, डोळे बारीक केले, आणि मला कित्येक वर्षांत ऐकू न आलेल्या आवाजात विचारलं, "कोण? कोणाकडे?"

 रमाबाई आईला कोपराने ढोसणार होत्या, पण थांबल्या.

"तुझ्याकडे," मी म्हणाले.

आईला आवाज कळला. तिने चष्मा खाली ओढला, माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मगे ये ना," म्हणाली. "दारात कित्याक उभी?"

मी एका हाताने बाबांना छातीशी धरलं, दुसरा हात चौकटीला टेकवला आणि वाकले. माझ्या सँडलचा पट्टा अर्धा सुटला तेव्हा मला कळलं मी काय करतेय.

"आसांदेत पायात," आई म्हणाली. "ये."